कोल्हापूरचा सिनेमा : ऐकीव किती, खरं किती?

रंकाळाकाठ
लताबाईंच्या गाण्यांच्या धाग्यावर विषय निघाला आणि गाडी थेट जयप्रभा स्टुडिओत जाऊन थांबली. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. कोल्हापुरात सिनेमाविषयी बोलायला बसलं की दहा मिनिटांत प्रत्येकाच्या आजोबांनी शांतारामबापूंना सायकल उसनी दिलेली असते. (आमच्याही आजोबांनी दिली होती, ते राहू दे.) म्हणून नियम एकच. गप्पा मारा, आवडतं-नावडतं बेलाशक लिहा, पण 'पहिला', 'एकमेव', 'जगात कुठं न्हाई' असलं काही लिहिणार असाल तर साल आणि नाव सांगून लिहा.

सुरुवात मीच करतो. माझं म्हणणं असं की आपण 'प्रभात' फिल्म कंपनीचं कौतुक फार करतो आणि तिच्या आईला विसरतो. आई म्हणजे बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. प्रभातच्या पाच मालकांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी भांडवलाच्या बाजूचे. म्हणजे १ जून १९२९ ला जी कंपनी निघाली तिचं सगळं शिक्षण आधीच्या दहा-अकरा वर्षांत बाबूरावांच्या घरी झालं होतं. आणि बाबूरावांना कुणी शिकवलं? कुणीच न्हाई. फाळक्यांचा सिनेमा बघितला, मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, तो खोलून बघितला आणि आनंदराव-बाबूराव या पेंटर बंधूंनी कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. मग बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली पुण्यात लागला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्याखाली गाडी लावून मिसळ खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?


मंगळवारपेठी
आई-बाईचं मान्य, पण लेकीला कमी लेखू नका राव. प्रभात आमच्या पेठेतली. कोल्हापुरात असताना त्यांनी काय काय काढलं ते लोक विसरतात, कारण पुण्याचं 'तुकाराम', 'कुंकू', 'शेजारी' एवढंच पुस्तकात येतं. इथं 'गोपाळकृष्ण' निघाला १९२९ ला, मग 'खुनी खंजीर', 'रानीसाहेबा', 'उदयकाल', 'चंद्रसेना', 'जुलूम'. सगळे मूकपट. 'उदयकाल'ची गोष्ट तर सोन्यासारखी आहे. त्याचं मूळ नाव होतं 'स्वराज्याचं तोरण'. १९३० साल, बाहेर मिठाचा सत्याग्रह पेटलेला. सेन्सॉरनं 'स्वराज्य' हा शब्द बघितला आणि नाव उडवलं. शिवाजीचं काम स्वतः शांतारामबापूंनी केलं होतं. नाव बदललं तरी आत काय आहे ते लोकांना कळायचं ते कळलंच.


तिकीटबारी
मस्त धागा. एक माझ्याकडून. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' (१९२३) लागला तेव्हा एवढी गर्दी उसळली की सरकारचे डोळे फिरले आणि तिकिटावर करमणूक कर बसला. म्हणजे २०१७ ला जीएसटी येईपर्यंत आपण तिकिटाबरोबर जो करमणूक कर भरत होतो त्याला जबाबदार कोल्हापूरच!


रीतसर
तिकीटबारीशेठ, ही गोष्ट मी तीन पुस्तकांत आणि बऱ्याच लेखांत वाचली आहे. ऐकायला झकास आहे. पण आमचा धंदा कोर्टातला, म्हणून तारखा बघायची खोड. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चा, आणि त्या वर्षीच्या कायद्यांत त्याचा नंबर पहिला. कायदा म्हणजे वडा न्हवे, कढईत सोडला आणि झाला. मसुदा, कौन्सिलात चर्चा, मंजुरी, सगळं त्याच्या आधी झालेलं असणार. शिवाय बंगालात असाच कायदा १९२२ लाच झाला होता आणि तिथल्या लोकांनी काही 'सिंहगड' बघितला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर सगळ्याच इलाख्यांना पैसा कमी पडत होता, हे कारण मला जास्त पटतं. 'सिंहगड'ला गर्दी झाली हे खरं. गर्दी बघून कर वसूल करणाऱ्यांना आनंद झाला असेल, एवढंच म्हणता येईल.

त्याच सिनेमाची दुसरी गोष्ट मात्र भक्कम आहे आणि तिचा कुणी उल्लेख करत न्हाई. 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीची दृश्यं घेतली. तोवर सगळं उन्हावर चालायचं. उघड्या सेटवर वर पांढरं कापड ताणायचं आणि ढग आले की सगळ्यांनी बसून राहायचं. गड चढायचा तर रात्रीच, आणि दाखवायचा तर उजेड हवा. त्या एका अडचणीतून दिवे आले.


तिकीटबारी
वकीलसाहेब, तुम्ही आमच्या शहराचा एक अभिमान कमी केला. पण दिवे दिलेत त्यावर भागवून घेतो.


डेक्कनवाला
पुण्यातून नमस्कार. कोल्हापूरकरांचा उत्साह बघून बरं वाटतं. पण एक विचारतो, रागावू नका. प्रभात १९३३ साली पुण्याला आली ती कशासाठी? कोल्हापुरात राहून 'संत तुकाराम' झाला असता का? 'अमृतमंथन' हा पुण्यातला पहिला, त्यातला राजगुरूचा तो डोळा, पडदाभर एकच डोळा, तसं काही कोल्हापुरात घेतलेलं दाखवा.

आणि आमच्या प्रभातची सर्वांत मोठी गंमत माहीत आहे का? 'शेजारी'मध्ये हिंदू पाटलाचं काम मुसलमान नटानं केलं आणि मुसलमान मिर्झाचं हिंदू नटानं. १९४१ साली!


रंकाळाकाठ
डेक्कनवाले काका, ती गंमत हिंदीतली हो. 'पडोसी'मध्ये मझहर खान हिंदू झाले होते आणि गजानन जागीरदार मिर्झा. मराठी 'शेजारी'त जागीरदार तेच, पण जिवबा पाटील म्हणजे केशवराव दाते. एकाच वेळी दोन भाषांत सिनेमा निघायचा, सेट तोच, काही माणसं बदलायची, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एक होतात. आणि त्याच 'शेजारी'त चंद्रकांत मांढरे आहेत. कुठले? कोल्हापूरचे!


मंगळवारपेठी
'कोल्हापुरात राहून तुकाराम झाला असता का?' काका, तुकाराम केला कुणी? दामले आणि साहेबमामांनी, म्हणजे फत्तेलालांनी. ते कुठं शिकले? आमच्याकडं. विषय संपला. पुण्यानं जागा दिली, मोठा स्टुडिओ दिला. हात आमचे.


शाहूपुरीची सई
पुणे-कोल्हापूर भांडण चालू ठेवा, मी तोवर मुद्द्याचं लिहिते. 'अयोध्येचा राजा'विषयी अजून कुणी काही बोललं न्हाई याचं नवल वाटलं. पहिला मराठी बोलपट, ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. 'आलम आरा'नंतर वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. 'आलम आरा' आज बघायला मिळत न्हाई, 'अयोध्येचा राजा' मिळतो. आपल्या देशातले जे सगळ्यात जुने बोलपट आज शिल्लक आहेत त्यात तो आहे, आणि तो कोल्हापुरात झाला.

मी तो मोबाइलवर बघितला, मग कानाला यंत्र लावून पुन्हा बघितला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, संगीतही त्यांचंच, आणि तारामती दुर्गाबाई खोटे. दोघं कॅमेऱ्यासमोर उभं राहून गातात. पेटी-तबलावाले कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर कुठंतरी बसलेले. नीट ऐकलं तर कळतं: नट तोंड वळवून दोन पावलं गेला की आवाज बारीक होतो, परत वळला की भरतो. त्यामुळं गाताना सगळे जरा खिळल्यासारखे उभे असतात. आजची पोरं याला 'नाटकी' म्हणतात. अहो, माइक हलत न्हाई तर माणूस कसा हलणार?

दुर्गाबाईंच्या बाबतीत एक मत. प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर आली म्हणून त्यांचं नाव घेतात, ते ठीक. पण दासी होऊन पाणी भरणारी तारामती बघा. चेहऱ्यावर राणीपण टिकवून त्या घागर उचलतात. पंचविशी-सव्विशीची बाई, दुसराच-तिसरा सिनेमा. याला मी अभिनय म्हणते, बाकीचं घराणं-बिराणं बाजूला ठेवा.


पिटातला पावणा
सईताई, १ लंबर लिहिलंय. माझी भर. कोल्हापूर सिनेटोन ऐकून असाल. प्रभात पुण्याला गेली तशी राजाराम महाराजांच्या आश्रयानं इथं दुसरी कंपनी उभी राहिली. तिनं कुणाला बोलावलं माहितीय का? खुद्द दादासाहेब फाळक्यांना! 'गंगावतरण', १९३७. म्हातारा सदुसष्टीला आलेला. ज्याचा सिनेमा बघून आमचे पेंटर बंधू पेटले, त्यानं आपला शेवटचा सिनेमा कोल्हापुरात येऊन केला. आणि फाळक्यांनी काढलेला बोलपट तेवढा एकच. लोक नाशिकचं नाव घेतात, दादरचं घेतात. कोल्हापूरचं कोण घेत न्हाई.


रीतसर
याला माझी हरकत न्हाई. साल, नाव, दोन्ही बरोबर.


पिटातला पावणा
वकिलानं हरकत घेतली न्हाई, आज पेढे वाटतो.


बिंदू चौक
माझा लाडका 'ब्रह्मचारी'. हंस पिक्चर्स, मास्टर विनायक, गोष्ट अत्र्यांची, १९३८. सगळे त्यातल्या पोहण्याच्या पोशाखाबद्दलच बोलतात. मीनाक्षीबाई शिरोडकर, 'यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया', आणि त्यावरून महाराष्ट्रात उठलेला धुरळा. पण विनायकरावांचा औदुंबर बघा. ब्रह्मचर्याचं भाषण ऐकून पेटलेला, घरातली बायकांची चित्रं काढून मारुती लावणारा. हा माणूस आपल्या आसपास अजून आहे, आता फक्त सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर असतो. कोल्हापूरचा सिनेमा म्हटलं की फेटा, तलवार आणि घोडा असं लोकांना वाटतं. त्याच गावात त्याच वर्षांत असला तिरकस विनोद चालला होता, खांडेकर पटकथा लिहीत होते, पांडुरंग नाईक कॅमेऱ्यामागं होते. हे का सांगत न्हाईत?

अवांतर: बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर भाऊ, विनायकही त्याच घरातले, शांतारामबापू नात्यातले. त्या काळचा मराठी सिनेमा म्हणजे एका मोठ्या घरातलं जेवणाचं पान होतं म्हणायला हरकत न्हाई.


रीळवाला
बरेच दिवस नुसता वाचत होतो. मी ऑपरेटर. कोल्हापुरातल्या दोन थेटरांत केबिनमध्ये उमेदीची वर्षं गेली. थेटरांची नावं घेत न्हाई, मालकांची पोरं अजून गावात आहेत.

तुम्ही लोक सिनेमाच्या गोष्टींचं खरं-खोटं करताय, तर एक सांगतो. जुना सिनेमा बघितलेली दोन माणसं भांडतात, 'हे दृश्य होतं', 'न्हवतं', आणि दोघंही खरं बोलत असतात. कसं ते सांगतो.

आमच्या वेळेला दिवा म्हणजे कार्बन. तांब्याचा मुलामा असलेल्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये फट ठेवून करंट सोडायचा, की तिथं जो उजेड पडतो त्याकडं नुसत्या डोळ्यानं बघायचं न्हाई, काळ्या-हिरव्या काचेतनं बघायचं. कांड्या जळत जातात, फट वाढते, पडदा पिवळा पडायला लागतो. मग हातानं चाक फिरवून कांड्या जवळ आणायच्या. पिटातनं शिट्टी आली की समजायचं, फट वाढली. हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटं चालतं. संपायला आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला पहिलं बंद, दुसऱ्याचं झाकण उघडं. नीट जमलं तर प्रेक्षकाला काही कळत न्हाई. न्हाई जमलं तर आईबहीण निघते.

आता मुद्दा. प्रिंट एक आणि थेटरं दोन असं बऱ्याच वेळा व्हायचं. इकडं पहिलं रीळ उतरलं की सायकलवर पोरगं ते घेऊन तिकडं पळायचं. पोरगं पंक्चर झालं तर तिकडच्या पडद्यावर साबणाच्या आणि दुकानांच्या स्लाईडा. त्यात प्रिंट मुंबई-पुणे फिरून आपल्याकडं, मग इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी, मग जत्रेतल्या तंबूत. प्रत्येक ठिकाणी फिल्मच्या कडेच्या भोकांचे दात तुटायचे, तुटलं की तेवढं कापून जोडायचं. लावणीच्या जागी तर हटकून उडी असायची. का? आधीच्या कुठल्यातरी ऑपरेटरनं नटीची चार चौकटी कापून स्वतःच्या पेटीत ठेवलेल्या असायच्या. मी न्हाई ठेवल्या, पण ठेवणारे बघितलेत. त्यामुळं पहिल्या आठवड्यात बघणाऱ्यानं एक सिनेमा बघितलाय आणि जत्रेत बघणाऱ्यानं दुसरा, अर्धा तास कमी, वरनं पडद्यावर सतत पाऊस. दोघंही खरे.


शाहूपुरीची सई
रीळवाले काका, तुमचं हे लिखाण धाग्यात दडून राहू नये. वेगळा धागा काढाच, मी मागं लागणार आहे.


बिंदू चौक
+१. आणि 'सांगत्ये ऐका'ला 'बुगडी माझी सांडली गं' लागलं की पडद्यावर पैसे फेकायचे हे खरं का?


रीळवाला
फेकायचे. झाडलोट करणाऱ्याची ती वरकमाई. पडद्याला भोकं पडतात म्हणून मालक बोंबलायचा, पण बंद करा म्हणायचा न्हाई. 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला अडीच वर्षं चालला, आपल्याकडं एवढा न्हाई चालला, पण परत परत यायचा. अनंत माने, वसंत पवार आणि आशाबाई. गदिमांचं गाणं. हंसाबाई वाडकर आणि जयश्रीबाई एकाच सिनेमात, कुणाकडं बघायचं हा प्रश्न.


हातकागद
माझे वडील भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत सेटमागचे पडदे रंगवायला होते. हुद्दा मोठा न्हवता, रंगाऱ्यांच्या हाताखाली. त्यामुळं भालजीबाबांविषयी आमच्या घरात देवघरासारखं बोललं जायचं, हे आधीच सांगून टाकतो.

सरस रात्री भिजत घालायचा, सकाळी डबल भांड्यात पातळ करायचा, त्यात खडूची पूड कालवून कापडावर अस्तर द्यायचं, वाळलं की त्यावर रंग. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो, कमी झाला तर रंग हाताला लागतो. वडील बोटानं चोळून बघायचे. किल्ल्याची भिंत रंगवताना दगडाच्या सांध्यात खरा चुना भरायचे, कारण दिवे बाजूनं लावले की रंगवलेला सांधा सपाट दिसतो. कॅमेरा काळा-पांढरा, त्यामुळं पडद्यावरचे रंग बघून नवख्याला हसू यायचं. आभाळ भलत्याच रंगाचं, झाडं तिसऱ्याच. सिनेमाच्या पडद्यावर नीट दिसलं म्हणजे झालं.

आता १९४८. गांधीजींच्या खुनानंतर जी जाळपोळ झाली त्यात जयप्रभा जळाला. 'मीठ भाकर' तयार होता, तो त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा सगळा काढला आणि १९४९ ला लावला. वडिलांनी पाहिलेला पडदा दुसऱ्यांदाचा. म्हणजे आपण जो 'मीठ भाकर' म्हणतो तो खरं तर दुसरा 'मीठ भाकर'. पहिला कसा होता, कुणाचं काम त्यात जास्त चांगलं झालं होतं, हे सांगणारे आता कोणी उरले न्हाईत. वडील म्हणायचे, जुन्या लोकांत दोन तट होते. एक तट म्हणायचा पहिलाच भारी होता. आता जळालेल्या सिनेमाशी कोण स्पर्धा करणार?

माझं स्वतःचं मत लिहितो, वडील असते तर रागावले असते. भालजींचे ऐतिहासिक सिनेमे मला लांबट वाटतात. भाषणं फार. पण 'साधी माणसं' (१९६५) घ्या. लोहाराचं घर, भाता, ऐरण, गावातनं शहरात आलेलं जोडपं. तिथं त्यांना भाषणाची गरजच पडली न्हाई. जयश्रीबाई भाता ओढतात आणि सूर्यकांत घण घालतात, त्या ठेक्यावर 'ऐरणीच्या देवा' चालतं. जगदीश खेबुडकर आपल्याच गावचे मास्तर. त्या गाण्यात एक शब्द पुस्तकी न्हाई.


डेक्कनवाला
हातकागद, उत्तम लिहिलंत. 'साधी माणसं'चं संगीत आनंदघन. राज्य पुरस्काराच्या वेळी आनंदघन यांनी यावं असं पुकारलं, कुणी उठेना, मग कळलं की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाई. ही गोष्ट खरी की तुमच्या यादीत टाकायची?


रंकाळाकाठ
आनंदघन म्हणजे लताबाई, 'साधी माणसं'ला संगीताचं बक्षीस, हे पक्कं. समारंभात कोण कसं उठलं याच्या चार आवृत्त्या मी ऐकल्यात, त्यातली एक निवडायला मी जाणार न्हाई.

त्याहून मजेची गोष्ट सांगतो. आनंदघन या नावानं त्यांनी केलेले सगळे सिनेमे भालजींचे: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. त्याआधी 'राम राम पाव्हणं' स्वतःच्या नावानं. आता 'मराठा तितुका'मधलं 'अखेरचा हा तुला दंडवत' घ्या. पाटीवर गीतकार 'योगेश'. हे योगेश म्हणजे भालजी! म्हणजे लिहिणारा टोपणनावानं, चाल बांधणारी टोपणनावानं, आणि गाणारी तेवढी उघड्या नावानं. गाणं ऐकून रडणाऱ्यांपैकी कितीजणांना पत्ता होता?

जयप्रभा १९५९ पासून लताबाईंचाच होता हे तर सगळ्यांना माहीत आहे. पुढं २०२२ साली विक्रीवरून गावात काय झालं त्याच्यावर या धाग्यात नको. त्याचा वेगळा धागा आहे, तिथं दोनशे प्रतिसाद आणि शून्य निष्कर्ष.


मंगळवारपेठी
लताबाईंचं कोल्हापूर म्हणजे नुसता जयप्रभा न्हाई. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स इथं होती तेव्हा त्या पगारावर होत्या, 'माझं बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ' अशा सिनेमांत. पोरवयातली लता, डोक्यावर घराचा भार. त्यांना काम करायला आवडायचं न्हाई, रंग फासून दिव्यांसमोर उभं राहणं नको वाटायचं, हे त्यांनीच नंतर बऱ्याचदा सांगितलंय. १९४५ ला कंपनी मुंबईला गेली आणि त्याही गेल्या. आपल्याकडून सगळं जातंच बघा. प्रभात पुण्याला, प्रफुल्ल मुंबईला.


शाहूपुरीची सई
सुधीर फडके पण. जन्म इथला, नाव पुण्या-मुंबईचं.


पिटातला पावणा
बरं आता खरं भांडण काढतो. मांढरे बंधूंपैकी चंद्रकांत की सूर्यकांत? लाजू नका, नावानिशी मत द्या.


तिकीटबारी
चंद्रकांत. १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' बघा. पृथ्वीराज कपूरसारखा पहाड मिर्झाराजा जयसिंग म्हणून समोर बसलाय आणि हा माणूस नुसता बसून त्याला पुरून उरतो. आवाज चढवत न्हाई.


बिंदू चौक
सूर्यकांत. डोळा तिरका करून हसला की बायाबापड्या पदर सारखे करायच्या. चंद्रकांत देव्हाऱ्यात ठेवायचा, सूर्यकांत शेताच्या बांधावर भेटायचा. तमाशापटाला असला माणूस लागतो.


हातकागद
दोघांची खरी नावं गोपाळ आणि वामन. पडद्यावरची नावं दिली भालजींनी. चंद्रकांतांच्या बाबतीत माझं मत जरा बाजूला जाणारं आहे. ते नट म्हणून मोठे होतेच, पण राजारामपुरीत त्यांचं कलासंग्रहालय आहे तिथं जा. त्यांनी राहतं घरच त्यासाठी दिलं. पावडर शेडिंगमध्ये काढलेली निसर्गचित्रं आहेत. ब्रश न्हाई, ओला रंग न्हाई, कोरडी पूड बोटानं, कापसानं कागदावर चोळत न्यायची. चुकलं तर खोडायला जागा न्हाई. डोंगरावरचं धुकं त्यात असं काही उतरलंय की मी दर खेपेला त्याच एका चित्रासमोर अडतो. वडील म्हणायचे, चंद्रकांत सेटवर आले की नटापेक्षा आधी पडदा बघायचे, आणि रंग चुकला असेल तर गुपचूप सांगून जायचे. ओरडायचे न्हाईत.


रीतसर
मी सूर्यकांत. कारण सांगायला लावू नका, बायको पण हा धागा वाचते.


शाहूपुरीची सई
आणि सुलोचनाबाईंचं नाव कुणी घेणार आहे का? की सगळं फेट्यावरच चाललंय? खडकलाटची मुलगी, भालजींनी घडवली, नावही त्यांनीच दिलं. 'मीठ भाकर', 'वहिनींच्या बांगड्या'. हिंदीनं त्यांना पुढं सगळ्यांची आई करून टाकलं आणि पांढऱ्या साडीत अडकवलं. मराठीतल्या तरण्या सुलोचनाबाई ज्यांनी बघितल्या न्हाईत त्यांना त्या काय होत्या ते कळायचं न्हाई. डोळ्यात पाणी आणायला त्यांना ग्लिसरीन लागत असेल असं मला कधी वाटलं न्हाई.


रीळवाला
सईताई, शंभर टक्के. 'वहिनींच्या बांगड्या' लागला की बायकांच्या बाजूचा पंखा बंद केला तरी चालायचा, पदरानंच वारा.


डेक्कनवाला
मला सांगा, बाबूराव पेंटरांचा एकही मूकपट आज बघता येतो का? 'सावकारी पाश' (१९२५) विषयी इतकं वाचलंय. शांताराम त्यात कर्जात बुडालेला तरुण शेतकरी, जमीन जाते, शहरात गिरणीत येतो. त्या काळात देवादिकांऐवजी सावकार दाखवणं म्हणजे काय छाती!


रंकाळाकाठ
'सावकारी पाश' गेला. १९३६ ला बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला, पण १९२५ चा तो १९२५ चा. 'मुरलीवाला'चे (१९२७) तुकडे पुण्यातल्या फिल्म संग्रहालयात आहेत, तुमच्याच गावात, जाऊन बघा. बाकीच्याचं काय झालं ते रीळवाले काका जास्त सांगतील.


रीळवाला
सांगतो की. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ठिणगी लागली की पाण्यात बुडवली तरी विझत न्हाई. १९५० च्या आसपासपर्यंत तीच चालायची. न जळता नुसती डब्यात ठेवली तरी घामेजते, चिकटते, शेवटी तपकिरी भुकटी. उघडलं की वास नाकात जातो. आणि जी जळली न्हाई, कुजली न्हाई, ती विकली. त्यात चांदी असते. भट्टीवाले किलोच्या भावानं घ्यायचे, धुऊन चांदी काढायचे. मूकपट कोण बघणार होतं बोलपट आल्यावर? मालकाच्या दृष्टीनं ती अडगळ. एखाद्या समईत किंवा पैंजणात 'सिंहगड' असेल.


मंगळवारपेठी
काका काय बोललात! ही ओळ मी चोरणार.


रीतसर
पैंजणाचा पुरावा?


तिकीटबारी
वकीलसाहेब, आता बास करा, झोपा.


पिटातला पावणा
माझा एक सवाल राहिलाय, ज्याला येईल त्यानं सांगा. नेटवर शोधायचं न्हाई. दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर कुठल्या सिनेमात दिसले? 'सोंगाड्या' लिहिणाऱ्याला अंगठे धरायला लावणार.


बिंदू चौक
'तांबडी माती', १९६९. भालजी. संगीत परत आनंदघन. सोपा सवाल होता पावणं, अवघड काढा.


पिटातला पावणा
अवघड घ्या मग. 'पिंजरा'चे संवाद कुणाचे?


हातकागद
शंकर पाटील. पट्टणकोडोलीचे. 'एक गाव बारा भानगडी' पण त्यांचाच, त्यातल्या झेलेअण्णानं निळूभाऊंना उभं केलं. 'पिंजरा'त गाणी परत खेबुडकर. लागूंचा पहिला सिनेमा, आणि लोकांच्या तोंडी बसली ती संवादांची भाषा आपल्याकडची. याच्यावर वेगळं लिहायला घेतलंय, रविवारी टाकतो. सई, तुमच्याकडं पाटलांच्या कथांची जुनी प्रत होती ना? दोन दिवस वाचायला द्या, शाहूपुरीत येऊन घेऊन जातो.


शाहूपुरीची सई
या की. पण परत आणून द्यायची. मागच्या वेळेला नेलेलं दुर्गाबाईंचं आत्मचरित्र अजून कुणाकडं आहे ते इथंच विचारते. ज्यानं नेलंय त्याला माहीत आहे.


तिकीटबारी
मी फक्त वाचतोय.